नेपाळच्या डोंगरी शाळेत शिकवायला जायचंय? आधी मागच्या बाकावर बसा

डी.एल.एड. किंवा बी.एड. असे शिक्षक होण्याचे कोर्स करणारी मुलं-मुली मला अनेकदा विचारतात, "ताई, परदेशात शिकवायचा अनुभव घ्यायचाय, कुठे जाऊ?" माझं उत्तर ठरलेलं असतं : नेपाळ. मी स्वतः डी.एल.एड. संपल्यावर, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) देऊन भरतीची वाट बघत असताना पाल्पा जिल्ह्यातल्या एका सामुदायिक शाळेत जाऊन राहिले. सामुदायिक म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखी, सरकारी अनुदानावर चालणारी शाळा. आज मी माण तालुक्यात द्विशिक्षकी शाळेवर आहे आणि वर्गात रोज जे करते त्यातलं बरंच तिथे शिकले. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

नेपाळच का? भारतीयांना तिथे जायला व्हिसा लागत नाही. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारापासून ही मोकळीक आहे. लिपी देवनागरीच आहे, त्यामुळे पहिल्या दिवशीच तुम्ही मुलांचं पुस्तक वाचू शकता, अर्थ नाही लागला तरी. अंकही आपलेच. आणि डोंगरातल्या शाळांचे प्रश्न आपल्या ओळखीचे आहेत : पट घसरतोय, दोन-तीन शिक्षकांवर पाच वर्ग आहेत, ज्यांना परवडतं ते मुलांना शहरातल्या बोर्डिंग स्कूलला घालतात. तिथे खासगी इंग्रजी शाळेला सरसकट 'बोर्डिंग' म्हणतात, मुलं रात्री घरी जात असली तरी.

कुणाला विचारायचं, कुणाला नाही

इंटरनेटवर 'व्हॉलंटियर नेपाळ' शोधलं की पहिली पन्नास उत्तरं पैसे घेऊन पाठवणाऱ्या कंपन्यांची येतात. आठवड्यावर दर, विमानतळावरून गाडी, शनिवारी हत्तीची सफारी. तुम्हाला यातलं काही नको. अनाथाश्रमात शिकवण्याची जाहिरात असेल तर ती तिथेच सोडून द्या. काठमांडू, पोखरा, चितवन या पर्यटकांच्या पट्ट्यात असे आश्रम एकवटलेले आहेत आणि तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, कधी दोघंही, हयात असतात. शिक्षणाचं आमिष दाखवून दूरच्या डोंगरी जिल्ह्यांतून मुलं आणली जातात, कारण परदेशी पाहुणे येतात आणि देणग्या देतात. युनिसेफसह बालहक्कांवर काम करणाऱ्या अनेक संस्था हे वर्षानुवर्षं सांगत आहेत. आपल्या चांगल्या हेतूवर हा धंदा चालतो, म्हणून मी यावर इतकं जोर देऊन बोलते.

सरळ रस्ता असा. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाने शालेय शिक्षण स्थानिक सरकारांकडे दिलं. अशा ७५३ पालिका आहेत, काही नगरपालिका, काही गाउँपालिका म्हणजे ग्रामीण पालिका. प्रत्येकीत शिक्षा शाखा, म्हणजे शिक्षण विभाग असतो आणि प्रत्येक शाळेला विद्यालय व्यवस्थापन समिती असते, तिच्यात पालक असतात. पत्र प्रधानाध्यापकांच्या (मुख्याध्यापकांच्या) नावे लिहा, प्रत पालिकेच्या शिक्षा शाखेला द्या. हिंदीत लिहिलं तरी चालतं, पण कुणा नेपाळी माणसाकडून नेपाळीत करून घेतलंत तर उत्तर लवकर येतं. पुणे-मुंबईत असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. माझं पत्र आमच्या कॉलेजच्या मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या नेपाळी दाजूंनी (दादांनी) लिहून दिलं आणि शाळाही त्यांच्याच गावची निघाली. ओळखीतून गेलेलं उत्तमच. ओळख नसेल तर तीन-चार शाळांना लिहा.

पत्रात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात : तुम्ही कोणत्या वर्षाचे छात्राध्यापक आहात, किती महिने राहू शकता, कोणते वर्ग घेण्याची तयारी आहे आणि तुम्हाला पगार नको. त्याच्यासोबत प्राचार्यांचं शिफारसपत्र आणि पोलिसांकडचं चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र जोडा. ते शाळेने मागितलेलं नसलं तरी जोडा. मुलांमध्ये वावरायला येणाऱ्या अनोळखी माणसाने आपली ओळख आधी पटवून द्यायची असते. शाळेने होकार दिला की पालिकेचं पत्रही हातात घ्या. व्हिसा लागत नाही म्हणून कुणाचीही परवानगी लागत नाही, असं समजू नका. तुमच्यासोबत दुसऱ्या देशाचा मित्र येणार असेल तर त्याला आधीच सांगा : पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामसुद्धा चालत नाही.

एक प्रश्न शाळेला नक्की विचारा : "मी आले तर कुणाचे तास कमी होणार?" कमी पगारावर नेमलेल्या शिक्षिकेला घरी बसवून तुम्हाला उभं करणार असतील तर नकार द्या. तुम्ही जाल, तिची नोकरी मात्र गेलेली असेल.

आणि हे दिवस आंतरवासितेत, म्हणजे कोर्समधल्या शाळेतल्या सरावात, धरले जातील असं गृहीत धरू नका. आंतरवासिता कॉलेजने नेमून दिलेल्या शाळेत करायची असते. सुट्टीत जा, नाहीतर माझ्यासारखं कोर्स संपल्यावर जा.

केव्हा जायचं

नेपाळचं शैक्षणिक वर्ष वैशाखात सुरू होतं, पण हा आपल्या पंचांगातला वैशाख नव्हे. तिथले महिने सौर आहेत, वैशाख एप्रिलच्या मध्यावर लागतो. शाळेची हजेरी, सुट्ट्या, परीक्षा सगळं विक्रम संवतात चालतं. फोनवर 'हाम्रो पात्रो' हे नेपाळी कॅलेंडरचं ॲप घ्या, तारखा जुळवायला रोज लागतं.

वैशाखात पटनोंदणीची धावपळ असते. असारमध्ये (आषाढात) भातलावणी, मुलंही शेतात. पावसाळ्यात रस्त्यांची खात्री नसते. असोज-कार्तिकात (आश्विन-कार्तिकात) दशैं म्हणजे दसरा आणि तिहार म्हणजे दिवाळीची मोठी सुट्टी. वर्षाच्या शेवटी, फागुन-चैतात परीक्षा. उरतो तिहारनंतरचा काळ : मंसीर, पुस, माघ, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. थंडी असते, उंचावरच्या शाळांना हिवाळी सुट्टी लागते, पण पाल्पा, स्याङ्जा, गुल्मी अशा मधल्या डोंगरांत शाळा बऱ्यापैकी सलग चालते. मी याच काळात गेले. माघे सङ्क्रान्ति तिथेही जानेवारीतच येते, तिळाचे लाडू आणि उकडलेलं तरुल म्हणजे कंद खायला मिळतात.

एका महिन्यापेक्षा कमी वेळ असेल तर शिकवायला जाऊच नका, फिरायला जा. पहिलीतल्या मुलाला तुमचं बोलणं कळायला लागेपर्यंत दोन आठवडे जातात.

प्रवास आणि राहणं

गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून बसने सुनौली. सीमा पायी ओलांडता येते. पलीकडे भैरहवा, मग बुटवल, मग घाट चढून तानसेन, पाल्पा जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. बुटवलच्या वर सिद्धबाबाच्या भागात पावसात दरडी कोसळतात आणि रस्ता तासन्‌तास बंद पडतो, त्यामुळे तो टप्पा उजेडीच पार करा. विमानाने जात असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार कार्डावर प्रौढांना बसू देत नाहीत. मी तर रस्त्याने जाणाऱ्यांनाही हेच दोन्ही जवळ ठेवायला सांगते.

भारतीय १०० रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात, हा दर बांधलेला आहे. शंभराच्या नोटा न्या, त्या सगळीकडे घेतात. मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत, निघायच्या आठवड्यात ताजा नियम बघा. शहरातल्या दुकानांत फोनपेच्या क्यूआरवर भारतीय यूपीआय चालतं, गावात रोखच. सिमकार्ड नेपाल टेलिकम किंवा एनसेलचं घ्या, ओळखपत्राची प्रत आणि फोटो लागतो. कोणाचं नेटवर्क गावात पोचतं ते शाळेला आधी विचारा. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे.

राहायची सोय शिक्षकाच्या किंवा समितीतल्या कुणाच्या घरी होते. पैसे घेणार नाही म्हणतील. तरी द्या. जवळच्या होमस्टेचा दर विचारून तेवढे, पहिल्याच आठवड्यात, घरच्या आमाच्या (आईच्या) हातात. जेवण सकाळी नऊच्या सुमारास, शाळेआधी, दालभात-तरकारी. दुपारी खाजा म्हणजे मधलं खाणं : चिउरा (पोहे), भाजलेला मका-भटमास (सोयाबीन). रात्री पुन्हा दालभात, कधी नाचणीच्या पिठाचा ढिंडो. भाकरीची आठवण येणाऱ्याने ढिंडो मागून घ्यावा.

मुलींसाठी थोडं वेगळं सांगते. शक्यतो दोघींनी जा. पाळीच्या दिवसांत काही घरांत, विशेषतः बाहुन-क्षेत्री घरांत, स्वयंपाकघरात जायचं नसतं. घरातल्या बाईंना आधीच विचारून घ्या, म्हणजे दोघींनाही अवघडल्यासारखं होत नाही. पॅड पुरेसे घेऊन जा. पाणी उकळूनच प्या. टायफॉइडची लस जाण्याआधी घ्या, कुत्रं चावलं तर वाट न बघता दवाखाना गाठा. तानसेनला मिशन हॉस्पिटल आहे, १९५४ पासूनचं, आजूबाजूच्या जिल्ह्यांतून लोक तिथे येतात.

वर्गात

इथून पुढचं नीट वाचा. बाकी सगळं कुणीही सांगेल.

पहिला आठवडा शिकवू नका. वही घेऊन मागच्या बाकावर बसा. कोण मूल कधी बोलतं, कोणत्या भाषेत बोलतं, मिस फळ्यावर काय लिहितात आणि मुलं वहीत काय उतरवतात, हे टिपून घ्या. प्रधानाध्यापक आग्रह करतील, "आजपासूनच पाचवीचं इंग्रजी घ्या." नम्रपणे थोडा वेळ मागून घ्या. या आठवड्यात मला कळलं की दुसरीतली निम्मी मुलं घरी मगर ढुट, म्हणजे मगर समाजाची भाषा, बोलतात. ती नेपाळी समजतात, पण अडली की गप्प होतात. आपल्याकडे भिल्ली, गोंडी, कोरकू बोलणाऱ्या मुलांचं पहिलीत जे होतं तेच. नेपाळच्या संविधानात मातृभाषेतून शिकण्याचा हक्क लिहिलेला आहे, पण वर्गात ती भाषा बोलणारा शिक्षक असेलच असं नाही. आमच्या शाळेत शिशुवर्गाच्या सहायक दिदी मगर होत्या. मी वर्गाच्या बाईंना विचारून या दिदींना रोज अर्धा तास दुसरीत बोलवायला लागले. मुलांनी चित्राबद्दल आधी ढुटमध्ये बोलायचं, दिदींनी ऐकायचं, मग सगळ्यांनी मिळून नेपाळीत वाक्य करायचं, बाईंनी फळ्यावर लिहायचं. माझं काम कागद आणि चित्रं पुरवायचं. मी निघाले तेव्हा ही अर्ध्या तासाची सवय शाळेत सुरूच होती. वर्गात माझी गरज नव्हती, म्हणूनच ती टिकली असं मला वाटतं.

तुमचा पाठ बाईंच्या पाठात बसला पाहिजे. पहिली ते तिसरीला आता एकीकृत पाठ्यक्रम आहे, परिसर, समाज, आरोग्य हे सगळं 'हाम्रो सेरोफेरो' या एका पुस्तकात येतं. पुस्तकं सानोठिमीच्या पाठ्यक्रम विकास केन्द्राच्या संकेतस्थळावर मिळतात, घरूनच उतरवून घ्या आणि दोन-तीन धडे नेपाळीत मोठ्याने वाचायचा सराव करून जा. रोज संध्याकाळी बाईंसोबत बसून उद्याचा धडा ठरवा. टाचण (पाठाची आखणी) आपल्या पद्धतीने काढा, पण एका पानापेक्षा मोठं नको आणि ते नेपाळीत असावं. चुका बाई सुधारतील. त्या सुधारताना तुमचा पाठही सुधारतो.

गणिताला हात घालणार असाल तर नेपाळी संख्यानामं १ ते १०० पाठ करा. अंक सारखे दिसतात म्हणून आपण निर्धास्त राहतो आणि मुलांसमोर तोंडातून मराठी आकडा येतो. दशक-सुटे शिकवायला बांबूच्या काड्या आणि मक्याचे दाणे घेतले. दहा काड्यांचा गठ्ठा, दोऱ्याने बांधलेला. मग २३ म्हणजे दोन गठ्ठे आणि तीन दाणे. मुलं हे पटकन पकडतात, पण ३० वरून ८ वजा करायची वेळ आली की थांबतात. तिथे घाई करू नका. गठ्ठ्याचा दोरा मुलालाच सोडू द्या, काड्या मोजू द्या, पुन्हा बांधू द्या. फळ्यावर हातचा दाखवणं त्यानंतर, कित्येक दिवसांनी. बाजारातून प्लास्टिकची साधनं नेऊ नका. तुटली की कपाटात जातात. काड्या गावात कुणीही आणून देतं.

वाचनासाठी दोन मोफत ठिकाणं लक्षात ठेवा. ओले नेपाल या संस्थेचं ई-पुस्तकालय, त्यात नेपाळी बालसाहित्य भरपूर आहे. आणि प्रथम बुक्सचं स्टोरीवीवर, तिथे एकच गोष्ट मराठीतही असते आणि नेपाळीतही. मी निघण्याआधी अशा गोष्टी निवडून छापून नेल्या. मराठीतून मला गोष्ट आधीच समजलेली, त्यामुळे नेपाळीत वाचताना अडखळले तरी हरवले नाही. ही युक्ती प्रत्येकाने वापरावी.

शाळा तुमच्याकडे इंग्रजी मागणारच. बोर्डिंगशी स्पर्धा करायला अनेक सामुदायिक शाळा इंग्रजी माध्यमाकडे वळल्या आहेत आणि बाहेरून आलेला माणूस म्हणजे इंग्रजी, असं पालकांच्या मनात पक्कं असतं. माझं मत स्पष्ट आहे. इंग्रजीचा एक तास घ्या, तोही बाईंसोबत, त्यांच्याच पुस्तकातून. बाकी वेळ वाचन आणि गणिताला द्या. ज्या मुलाला तिसरीत नेपाळी परिच्छेद वाचता येत नाही त्याला इंग्रजी गाणी शिकवून काही मिळत नाही. हे पालकसभेत सांगण्याचं काम तुमचं नव्हे. बाईंशी बोला, त्यांना पटलं तर त्या सांगतील.

हाताशी असावीत अशी काही वाक्यं : "किताब खोल" (पुस्तक उघड), "फेरि भन" (पुन्हा सांग), "बुझ्यौ?" (समजलं?), "स्याबास" (शाबास). मुलांशी बोलताना तिमी (तू), मोठ्यांशी तपाईं (आपण). शिक्षिकेला मिस, घरच्या बाईंना आमा, वयाने थोडी मोठी असेल तर दिदी. अडलंच तर हिंदी आहे. गावात भारतीय सैन्यातून निवृत्त झालेले आजोबा भेटतात, पेन्शनच्या कामाला पोखऱ्याला जातात, महाराष्ट्रातल्या छावण्यांची नावं सांगतात. ते तुमचे पहिले दुभाषी. पण वर्गात हिंदीवर विसंबू नका. मोठ्यांना ती येते, पहिलीतल्या मुलाला येत नाही.

मारणं. २०१८ च्या बालबालिकासंबंधी कायद्याने नेपाळमध्ये घरात आणि शाळेत, सगळीकडे मुलांना शारीरिक शिक्षा करायला बंदी आहे. तरी छडी दिसू शकते. मुलांसमोर शिक्षकाला टोकू नका, त्याने पुढच्या तासाला राग मुलांवरच निघतो. त्याच दिवशी प्रधानाध्यापकांशी एकट्यात बोला, थांबलं नाही तर पालिकेच्या शिक्षा शाखेशी. आणि तुमच्या वर्गात गोंगाट कसा आवरता ते त्या शिक्षकाला बघायला बोलवा. टाळीचा ताल, हात वर करून शांत उभं राहणं, गट करून काम देणं, आपण सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे कोर्समधल्या छोट्या सरावपाठांत, शिकलेलं सगळं तिथे कामी येतं.

मुलांचे चेहरे ओळखू येतील असे फोटो इंटरनेटवर टाकू नका. चॉकलेटं वाटू नका. काही द्यायचंच असेल तर शाळेच्या नावाने, नोंदवहीत लिहून द्या : कागद, खडू, छापलेल्या गोष्टी. दुपारच्या खाज्याला सरकार शिशुवर्ग ते पाचवीपर्यंत प्रत्येक मुलामागे ठरावीक रक्कम देतं. ती फार थोडी आहे आणि कधी उशिरा येते. तिथे मदत करावीशी वाटली तर समितीला विचारून तांदूळ-डाळ घ्या, परस्पर काही वाटू नका.

शाळा रविवारी भरते, सुट्टी शनिवारी. दहा ते चार, शुक्रवारी बहुतेक ठिकाणी अर्धा दिवस. त्या अर्ध्या दिवसानंतर बाईंसोबत आठवड्याचा हिशोब करा : कोण पुढे गेलं, कोण अडलं. लहान वर्गांत प्रत्येक मुलाची कार्यसञ्चयिका ठेवतात, त्याने केलेल्या कामांची फाइल. तुम्ही करून घेतलेलं काम तिच्यातच लावा, स्वतःच्या बॅगेत घेऊन येऊ नका.

शेवटचे दोन आठवडे नवीन काही सुरू करू नका. बाईंनी घ्यायचं, तुम्ही मागे बसायचं. काड्यांचे गठ्ठे, चित्रं, टाचणं एका पेटीत घाला, प्रत्येक साधन कोणत्या धड्याला वापरायचं ते नेपाळीत चिठ्ठीवर लिहून चिकटवा आणि पेटीची यादी प्रधानाध्यापकांच्या सहीने नोंदवहीत चढवा. तुमचं अनुभव प्रमाणपत्र त्याच वेळी मागून घ्या, त्यावर विक्रम संवत आणि इसवी सन दोन्ही तारखा असू द्या, नाहीतर इथे कार्यालयात समजावत बसावं लागतं. मुलांना "परत येईन" म्हणू नका, जोवर तिकीट काढलेलं नाही. बाईंचा नंबर घ्या. त्यांच्याशी बोलणं चालू ठेवा, आणि पुढच्या वर्षी तुमच्या कॉलेजमधून कुणी जाणार असेल तर त्याची गाठ आधी त्यांच्याशी घालून द्या. त्यांना कोणत्या वर्गाला माणूस हवाय ते त्याच सांगतील.